दारं सोलली हो, नव्या गाडीची!

गाडी अजून कोरी. सीटांवरचं प्लास्टिक निघालेलं नाही, बोनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक पुरतं पुसलेलं नाही, आणि बी-विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तिची चारही दारं सोलून ठेवली. सोलून म्हणजे अगदी सोलूनच. आतलं प्लास्टिक उचकटून खांबाला टेकवलेलं, वायरी लोंबताहेत, काच वरखाली करणारी यंत्रणा उघडीवाघडी, आणि गृहस्थ पाटावर बसून दाराच्या पत्र्याला कसलेसे चंदेरी तुकडे चिकटवताहेत. त्यावरून लाटणं फिरवताहेत. लाटणं! घरातलं! दूध आणायला निघालेल्या तळमजल्यावरच्या काकूंनी हे पाहिलं आणि पुढच्या दहा मिनिटांत ए-विंगला कळलं, की बी-विंगमध्ये नवरा-बायकोचं बिनसलंय आणि लाटणं पार्किंगपर्यंत आलंय.

बिनसलेलं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं. गाडीचा ‘साउंड’ चालला होता.

आता गाडीत गाणी लावणं यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. साताऱ्या-कोल्हापूरकडचं वडाप आठवा. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसं, टपावर दोन बोचकी, आणि मागच्या सीटच्या पाठीशी कर्णकर्कश दोन लंबगोल स्पीकर. उसाचा हंगाम आठवा. ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो, मग त्याच्यामागे दोन ट्रॉल्या ऊस दिसतो. ड्रायव्हरच्या डोक्यामागचे डबे कारखान्याच्या गेटपर्यंत थांबत नाहीत. पण ते सगळं उघड होतं हो. ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकू येत होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पांढरपेशांचंही तसंच. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात गाडी लावायची, तिथला पोरगा दोन तासांत मागच्या फळीवर सहा-बाय-नऊचे ओव्हल ठोकायचा, खोक्यावर छापलेले हजार-बाराशे वॉट पाहून आपण खूश, चहा पिऊन घरी. ते वॉट ‘पीएमपीओ’चे, म्हणजे शुद्ध थापा, हे दुकानदारालाही माहीत होतं आणि आपल्यालाही. संसार सुखाचा होता.

मग हे लोक आले. दंतवैद्य, सॉफ्टवेअरवाले, बँकेतले, एक तर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. शहाणीसुरती, कर्ज वेळेवर फेडणारी माणसं. यांना दुकानातला पोरगा चालत नाही. दुकानातला पोरगा वायर कापतो, आणि कारखान्याची वायर कापली की वॉरंटी गेली. म्हणून हे कप्लरला कप्लर जोडणारे जोड शोधून मागवतात आणि सगळं घरी करतात. घरी! म्हणजे कुठे, तर खाली पार्किंगमध्ये आणि वर वहिनींच्या स्वयंपाकघरात.

दारांपासून सुरुवात का, तेही या मंडळींनी आम्हाला बळेच समजावलंय. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढाच मागेही ओढतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या उलट. दाराच्या आतल्या पत्र्याला कारखान्याने मोठमोठी भोकं ठेवलेली असतात, त्यातून मागची लाट पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. खर्जातलं जे काही असेल ते असं जन्मतःच मरतं. शिवाय दाराचा पत्रा पातळ, तो आपला स्वतःचा वेगळाच सूर लावतो. म्हणून ब्युटाइल रबराचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा अशी डॅम्पिंग शीट. पत्रा थरथरला की रबर मधल्या मधे ताणलं-दाबलं जातं आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. पत्र्याच्या मध्यभागी पाव भाग झाकला तरी बरंच काम होतं. पण पाव भागावर थांबलेला इसम आम्ही अजून पाहिलेला नाही. दारं झाली की डिकी, डिकी झाली की फ्लोअर, फ्लोअर झाला की छत. गाडीचं वजन वाढलं, ॲव्हरेज कमी झालं, म्हणून हेच लोक पुढे पेट्रोलच्या नावाने गळा काढतात. त्या शीटवरून रबरी रोलर फिरवायचा असतो, तो दुकानात मिळतोही. पण रविवारी सकाळी सात वाजता कुठलं दुकान उघडं?

लाटण्यापाठोपाठ उलथणं गेलं. दाराच्या प्लास्टिकच्या क्लिपा पत्र्यातून सोडवायला म्हणे धातूचं हत्यार चालत नाही, ओरखडे पडतात, लाकडी नाहीतर नायलॉनचं लागतं. मग नॉनस्टिकचं उलथणं. मग वहिनींचा हेअर ड्रायर, शीट ऊन करून वाकवायला. आणि शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेली उशी. तिच्यातला पांढरा फायबर काढून सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, खोक्यात भरला. बंद खोक्यातल्या हवेत हा कापूस असला की खोकं आहे त्याहून मोठं असल्यासारखं वागतं. हे खरं आहे, पुस्तकातलं आहे. पण दिवाळीत जावईबुवा बिनउशीचे झोपले, हेही खरंच आहे.

खोक्याची कथा तर विचारूच नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा एमडीएफ आला, बाल्कनीत जिगसॉ चालला, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा पडला. खोकं किती लिटरचं, यावर आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. प्रत्येक स्पीकरबरोबर आकड्यांचा एक कागद येतो. नेव्हिल थील म्हणून ऑस्ट्रेलियातले अभियंते होते, त्यांनी १९६१ मध्ये भोकाच्या खोक्यांचं गणित मांडलं. पुढे सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते पुरं केलं. तेव्हापासून खोकं सुताराच्या अंदाजाने करायचं नसतं, त्या दोघांच्या आकड्यांनी करायचं असतं. बारा इंची सबला बंद खोक्यात साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर हवा पुरते. भोक ठेवलं तर खोकं आणखी मोठं हवं, पण त्या भोकाच्या सुरापाशी कमी वॉटमध्ये जास्त दणका मिळतो. ‘सीलबंद की पोर्टेड’ या वादावर आमच्या पार्किंगमध्ये दोन सज्जनांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलंय. ज्यांच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर आहे ते बिचारे या वादात पडतच नाहीत. ते सीटखाली मावेल असा चपटा सब घेतात आणि खालच्या आवाजात बोलतात.

मग वीज. इथे आम्ही थोडं गंभीर होतो, कारण आग लागली तर आमच्याही गाड्या शेजारीच आहेत. घरातला ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन अँपिअरवर निमूट चटणी वाटतो, कारण भिंतीत २३० व्होल्ट आहेत. गाडीत १३.८. तिथे ५०० वॉटचा अँप, तो ८० टक्के कार्यक्षम धरला तरी, पंचेचाळीस अँपिअर मागतो. म्हणून बोटाएवढी जाड वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत न्यायची. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवाच, कारण तो अँपला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवा, नाहीतर पत्र्याची धार वायरीचं कव्हर खाते आणि मग ज्योत दिसते. आमच्या गृहस्थांनी हे सगळं केलं, त्याबद्दल त्यांना काही बोलायला जागा नाही. पण वायर आली त्या दिवशी त्यांनी भर पार्किंगमध्ये ब्लेडने तिचे तंतू खरवडून पाहिले, सराफाने कसोटीवर पाटली घासावी तसे. आतून पांढरं निघालं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! त्यात वीज कमी वाहते आणि वायर जास्त तापते. गृहस्थ त्या वायरीकडे जे बघत राहिले, तसं त्यांनी मुलीच्या दहावीच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं. परत केली. दुसरी आली. ती शुद्ध तांब्याची निघाली, तेव्हा पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहिले.

एवढं झाल्यावर सोसायटीने अर्थातच कान टवकारले. आता दणदणाट होणार. सेक्रेटरींनी तयारी ठेवली होती. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम त्यांना पाठ आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे रात्र. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲपही घेऊन ठेवलं होतं. पहिली रात्र झाली, दुसरी झाली. आवाज नाही.

अहो, आवाजच नाही! इतका खर्च, इतकी तोडफोड, आणि बाहेर काही ऐकू येत नाही. काचा बंद, इंजिन बंद, आतला दिवा बंद. रात्री साडेदहाला गृहस्थ स्टिअरिंगमागे ताठ बसलेले, मांडीवर लॅपटॉप, कानाशी काडीवर उभा केलेला माइक, डोळे मिटलेले. याला काय म्हणायचं? दणदणाट असता तर तक्रार करता आली असती. गप्प बसलेल्या माणसाविरुद्ध कुठला नियम आहे? सेक्रेटरी हात चोळत वर गेले. एकदा मात्र गाडीतून ‘शूंऽऽऽ’ असा एकसुरी आवाज येत राहिला आणि वॉचमन टॉर्च घेऊन पाण्याची टाकी कुठे वाहतेय ते शोधत दोन्ही विंगा फिरला. तो पिंक नॉइज होता. त्यात प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा वाटलेली असते. तो वाजवून माइकने ऐकायचा, म्हणजे गाडीच्या काचा, सीटा आणि डॅशबोर्ड मिळून कुठला सूर फुगवतात आणि कुठला गिळतात त्याचा आलेख लॅपटॉपवर उमटतो. मग तो आलेख उतरता, वळणदार दिसेपर्यंत एकेक पट्टी खालीवर करायची. खालचा खर्ज मुद्दाम उचलून ठेवतात, कारण गाडी रस्त्यावर आली की टायरांची घरघर नेमका तोच भाग झाकून टाकते. असे आलेख आमच्या गृहस्थांच्या मोबाइलमध्ये आहेत. मुलीचे फोटो त्यांच्या खाली आहेत.

आणि आता खरी गोष्ट. दारं, वायरी, उश्या हे सगळं एकवेळ माफ. पण ‘टाइम अलाइनमेंट’ नावाचा जो प्रकार आहे, तो कुठल्याही सुसंस्कृत घरात व्हायला नको.

त्याचं असं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणजे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ, डावा लांब. समजा उजवा ९० सेंटिमीटरवर आहे आणि डावा १३०. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे उजव्याचा आवाज साधारण १.२ मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याने काय होतं? सगळं होतं. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे आला तर कान पहिल्याचीच बाजू खरी मानतो. म्हणजे गायिका उजव्या आरशाला लटकून गाते. हे या लोकांना सहन होत नाही. त्यांना ती डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध, काचेच्या पलीकडे, बोनेटवर बसलेली हवी. म्हणून डीएसपी नावाची डबी घ्यायची आणि जवळच्या स्पीकरला तिच्यात थोपवून धरायचं. लांबच्याचा आवाज येईपर्यंत थांब म्हणायचं. मोजमाप कानापासून टेपने. वहिनी टेपचं एक टोक ट्वीटरवर, म्हणजे वरच्या सुरांच्या चिमुकल्या स्पीकरवर, धरून उभ्या, हे दुसरं टोक कानात घालून बसलेले, हे दृश्य ए-विंगच्या चार कुटुंबांनी गॅलरीतून पाहिलेलं आहे. ४८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या डीएसपीत सगळ्यात लहान पाऊल पडतं सात मिलिमीटरचं. सात मिलिमीटरवरून हे लोक रात्री एक वाजेपर्यंत जागतात. मान जरा खाजवायला वळवली तर दहा सेंटिमीटर गेले, ते वेगळं.

आणि शेवटी गायिका बोनेटवर येऊन बसते. पण कोणाला? फक्त उजव्या सीटवरच्याला! डावीकडे बसणारीला डावा स्पीकर मुळातच जवळ, आणि उजव्याला तर डबीत कोंडून आणखी उशीर करवलेला. तिला सगळा वाद्यवृंद डाव्या काचेला चिकटलेला ऐकू येतो. अग्नीसमोर सात पावलं चालून झाल्यावर एका गाडीत बसलेल्या दोन माणसांपैकी एकालाच गाणं नीट ऐकू यावं, आणि ते कारखान्यातून नव्हे, नवऱ्याच्या हातून, ठरवून, टेप लावून! तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हे दुसऱ्या बाईपेक्षा वाईट. दुसरी बाई निदान बोनेटवर बसत नाही.

खरं सांगू का, आम्हाला त्या माणसाचा थोडा हेवाही वाटतो. दोन खोल्यांत पाच माणसं, हॉलमध्ये मालिका, आतल्या खोलीत मुलीचे क्लास, स्वयंपाकघरात कुकर. त्या घरात खडा तानपुरा ऐकायला बसायचं कुठे? दार लावून बसता येईल अशी खोली घराच्या नकाशात नव्हती, ती हप्त्यांवर खाली पार्किंगमध्ये मिळाली. शिवाय सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला अडकलेली गाडी म्हणजे वाहन कसलं, खुर्चीच ती. पण हे आपलं आपल्यात. चर्चेत असं बोलायचं नसतं.

गाणी कुठली ऐकतात, तेही ऐकून ठेवा. ज्या माणसाला इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळत नाही, तोसुद्धा ईगल्स या अमेरिकन बँडच्या १९९४च्या मैफलीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावतो. सगळं नाही हं, सुरुवातीचं फक्त. गिटारीमागून तो मोठा ढोल वाजतो, तेवढं. तो पोटात लागला का, छातीत लागला का, की पाठीमागून आला, यावर चर्चा. गायक तोंड उघडणार एवढ्यात हे परत सुरुवातीला. गेली कित्येक वर्षं जगभरातल्या गाड्यांमध्ये हे गाणं सुरू होतंय आणि गायकाचं तोंड काही उघडत नाही. मराठी बाण्याचे लोक ‘सैराट’ लावतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. त्या सिनेमाचं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित केलं. त्यामुळे ‘याड लागलं’मधली व्हायोलिनं किती मागे आणि किती रुंद पसरली हे तपासता येतं. ‘झिंगाट’ने काय तपासता येतं, हे सांगायला नको. ते तपासताना मात्र सेक्रेटरींचं ॲप पहिल्यांदा हललं.

शास्त्रीय संगीतवाल्यांची पंचाईत निराळीच. आमच्या गृहस्थांनी तबला लावला, आणि तबलजीचा उजवा हात काचेपाशी, डावा डिकीत! दायाँ वाजतो पुढच्या स्पीकरांतून आणि डग्ग्याची घुमारी निघते मागच्या सबमधून. माणूस मधोमध चिरलेला. तो पुन्हा जोडायला त्यांना दोन आठवडे लागले म्हणे. सबला ऐंशी हर्ट्झच्या वर बोलू द्यायचं नाही, दारातल्या स्पीकरांनी तिथून सूत्रं घ्यायची, दोघांच्या लाटा त्या सांध्यावर एकत्र पुढे आल्या पाहिजेत, एक पुढे नि एक मागे असं झालं तर नेमका डग्गाच गायब. हा सांधा जुळवायच्या गाळण्या बहुतेक वेळा लिंकविट्झ-रायली पद्धतीच्या असतात. हे दोघे हेवलेट-पॅकार्डमधले अभियंते, १९७६ साली त्यांची पद्धत छापून आली. आता ती नावं आमच्या पार्किंगमध्ये मोठ्या माणसांसारखी आदराने घेतली जातात, लिंकविट्झसाहेब म्हणून.

एवढं करूनही डग्गा मागून यायचा तो आलाच. का, तर सब वाजला की मागची नंबरप्लेट ‘टर्रर्र’ वाजते, आणि खर्जाची दिशा कानाला नीट कळत नसली तरी टर्ररची बरोबर कळते. मग नंबरप्लेटमागे रबर. मग डिकीचं कुलूप खुळखुळतं, तिथे फेल्ट. मग मागच्या सीटबेल्टचं बक्कल. मग दाराच्या कप्प्यातली सुटी नाणी. खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक सूर लावायचा आणि कुठल्या हर्ट्झला काय कुरकुरतं त्याची वही ठेवायची, ही त्यांची रीत. डॅशबोर्डवरचा गणपती ६३ हर्ट्झला डुलायला लागला, तेव्हा वहिनींनी हात जोडले आणि गृहस्थांनी पायाखाली फोम लावला. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात या कुटुंबात एक शब्द बोलला गेला नाही. भांडण नव्हतं. आजींच्या बांगड्या ३ किलोहर्ट्झच्या आसपास किणकिणत होत्या, आणि गृहस्थ त्या शोधत होते.

दणदणाटवाल्यांचा पंथ वेगळा, आणि आमच्या गृहस्थांना तो खालच्या जातकुळीचा वाटतो. तिकडे गायिकेचा प्रश्नच नाही, कारण गाणंच नाही. अमेरिकेत ‘डीबी ड्रॅग’ म्हणून स्पर्धा भरतात. गाडी बंद, माणूस बाहेर, आत काही सेकंद एकच खर्जाचा सूर, आणि काचेला लावलेला मापक आकडा सांगतो. शर्यत आवाजाची, गाडी जागची हलत नाही. १८० डेसिबलच्या पलीकडे गेलेले लोक आहेत. काच फुटू नये म्हणून काचेच्या जागी जाडजूड प्लास्टिक, दारं बोल्टने आवळलेली, पोकळ्यांत काँक्रीट ओतलेलं. ती गाडी ट्रेलरवरून न्यावी लागते. आता कामगार-आरोग्याचा अमेरिकन मापदंड म्हणतो, की ८५ डेसिबलमध्ये फार तर आठ तास काढावेत, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभराला जेमतेम पंधरा मिनिटं. १८० ला किती, ते त्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, कान असेपर्यंत. ही तीन डेसिबलची मेखही मजेची आहे. ५० वॉटचा अँप काढून १०० वॉटचा आणला की मिळतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. नाना पेठेतल्या त्या खोक्यावरच्या बाराशे वॉटवर आपण जीव टाकत होतो, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही.

बरं, हे सगळं आजचंच आहे असंही समजू नका. १९३०च्या सुमारास अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हा मॅसॅच्युसेट्स आणि सेंट लुइसमधल्या भल्या लोकांनी गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायचे प्रस्ताव मांडले होते. लक्ष विचलित होईल, झोप येईल, वगैरे. १९५६ मध्ये क्रायस्लरने तर डॅशबोर्डखाली तबकडी वाजवणारं यंत्र बसवलं, मिनिटाला सोळा आणि दोनतृतीयांश फेरे, खास त्याच्यासाठी काढलेल्या सात इंची तबकड्या. सुई खड्ड्यांमुळे उडू नये म्हणून तिला जड केली होती. काही वर्षांत ते बंद पडलं. पुण्याच्या रस्त्यांवर ते एका सकाळीत बंद पडलं असतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तर वहिनी. लोकांना वाटलं, त्या माहेरी जातील. त्या एका खाजगी कंपनीत हिशेब तपासतात, आकड्यांना भिणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी डाव्या सीटचा प्रश्न वर्षभर शांतपणे ऐकून घेतला, आणि एका शनिवारी यजमान बाहेरगावी असताना त्यांचा लॅपटॉप उघडला. डीएसपीत म्हणे वेगवेगळी ट्यूनिंग साठवायला मेमऱ्या असतात. पहिलीत यांचं. दुसरी रिकामी. वहिनींनी टेप घेतली, मुलीला उजवीकडे बसवलं, आणि डाव्या सीटपासून सगळी अंतरं नव्याने मोजली. दुसऱ्या मेमरीला नाव दिलं ‘मी’. गृहस्थ परत आले, बसले, गाणं लावलं, आणि गायिका पलीकडच्या फूटपाथवर.

आता खरी चव आहे ती पुढच्या भागाला. त्या दुसऱ्या मेमरीतलं ट्यूनिंग चांगलं झालंय. यांच्यापेक्षा चांगलं. वहिनींनी ट्वीटर थोडा दाबला आणि पट्ट्यांशी चाळा कमी केला म्हणून असेल, किंवा डाव्या बाजूला स्टिअरिंगचा अडथळा नाही म्हणून असेल. गृहस्थ ते कबूल करत नाहीत, पण गेले तीन रविवार गाडी वहिनी चालवतात आणि हे डावीकडे बसतात. डोळे मिटून! भर रस्त्यात! काकू म्हणतात, लोकांनी काय समजायचं, यांचा परवाना जप्त झालाय का?

यावर तोडगाही निघालाय, आणि तो आधीच्या सगळ्यापेक्षा भयंकर आहे. डॅशबोर्डच्या मधोमध तिसरा स्पीकर बसवायचा आणि दोन्ही बाजूंना जे सारखं आहे तेवढंच गाळून त्यातून वाजवायचं, म्हणजे गायिका दोघांनाही मधोमध ऐकू येईल. संसाराच्या दृष्टीने उत्तमच. पण मधोमध आत्ता टचस्क्रीन आहे आणि तिच्या वर एसीच्या जाळ्या. दोहोंपैकी एकाला जागा सोडावी लागणार. वहिनींचं म्हणणं, स्क्रीन काढा, रस्ता मी सांगेन. गृहस्थ म्हणतात, स्क्रीन गेली तर रिव्हर्स कॅमेरा जाईल, त्यापेक्षा एसी गेला तरी चालेल. मे महिन्यात! ए-विंगमध्ये पैजा लागल्या आहेत, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी पन्नास रुपये एसी जाणार यावर लावलेत.